रेडिओ किती खातो

परवा आमच्या घरात टीव्हीवरून वाद झाला. लाइटचं बिल जास्त आलं म्हणून नातू नातसुनेला म्हणाला, तू दुपारभर मालिका लावून बसतेस. ती म्हणाली, मी आवाज अगदी बारीक ठेवते, तेवढ्यानं असं किती जळणार? मी पलंगावर बसून तूर निवडत होते. म्हटलं, "आवाज बारीक केल्यानं काही फारसं वाचत नाही गं. त्याच्या पाठीवर आकडा लिहिलेला असतो तो बघा. शंभर वॅटचा असला तर दहा तासांत एक युनिट खाणार, मग तो ओरडो की कुजबुजो. आणि तो लाल ठिपका जळतोय ना, तोवर तो झोपलेला नाही. डोळे मिटून पडलाय आणि थोडं थोडं चरतोय." नातवानं खरंच टीव्हीच्या मागं वाकून आकडा वाचला. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. निजामाच्या राज्यात, ज्या गावात विजेचा खांब यायला अजून कितीतरी वर्षं होती, त्या गावात मी हे शिकले, आणि तेही परकर-पोलक्याच्या वयात. माझ्या लेकरांना मी त्या दिवसांतलं बरंच काही सांगितलं, पण हे नीट सगळं कधी सांगितलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

आमचं गाव नांदूरघाटच्या अलीकडं, काळ्या रानात. पावसाळ्यात त्या मातीत गाडीचं चाक रुतलं की बैल सोडून माणसं मोकळी व्हायची आणि गाडी दिवाळीपर्यंत तिथंच उभी, असं लोक थट्टेनं म्हणायचे. फार खोटंही नव्हतं ते. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. पुढं ढाळज, तिथं आबांची बैठक. माझे वडील गावचे पाटील, सगळा गाव त्यांना आबाच म्हणायचा. आत चौक, चौकाच्या कडेला चूल, आणि चुलीपाशी माझी माय. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची ती वैनीची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोची. मग बैलांच्या घंटा, मग भाकरी थापल्याचा आवाज. मायच्या भाकरीचा आवाज वेगळा आणि वैनीच्या भाकरीचा वेगळा, मी डोळे मिटून ओळखायची. आमच्याकडं येसराची आमटी रोज. बाजरी-गव्हाबरोबर मसाला भाजून दळलेलं ते पीठ डब्यात तयार असायचं. पाणी उकळलं की मूठभर टाकायचं आणि पाहुणे कितीही येवोत, माय घाबरायची नाही. त्या आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकर आणि वरून करडईचं तेल. आता माझे दात राहिले नाहीत, पण ती चव आठवली की जीभ अजून हलते.

माझा भाऊ रंगनाथ, आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्यानंच मला पाटीवर अक्षरं शिकवली, बेरजा-वजाबाक्या शिकवल्या, त्रैराशिकही शिकवलं. गावातल्या शाळेत उर्दू चालायची आणि पोरींना तिथं कोणी पाठवत नसे. जर्मनीशी लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, दादाच्या डोक्यात फौजेत जायचं भरलं. आबा म्हणाले, "घरचं रान सोडून दुसऱ्याची बंदूक कावून उचलायची?" एक दिवस दादा नांदूरघाटच्या बाजाराला गेलता, तो परत आलाच नाही. नगरला जाऊन भरती झाला होता. वैनी तेव्हा पोटुशी होती. आबांनी त्या दिवसापासून दादाचं नाव टाकलं. त्याची कार्डं यायची, मी चौकात बसून मोठ्यानं वाचायची. आबा तेवढ्यात दावं शोधायला किंवा कंदिलाची काच पुसायला चौकात यायचे, पण बसायचे नाहीत आणि विचारायचे नाहीत. एक सांगून टाकते, मला वाचणाऱ्याला टांगून ठेवायला आवडत नाही. दादा लढाई संपल्यावर धडधाकट परत आला आणि म्हातारा होऊन गेला. मी सांगते आहे ती गोष्ट तो येण्याच्या आधीची आहे.

दादा गेला त्याच वर्षी आबांनी हैदराबादेहून रेडिओ आणवला. आसपासच्या दहा गावांत तसलं यंत्र नव्हतं. लाकडाची चकचकीत पेटी, पुढं कापड, खाली चार बटणं, मध्ये काचेमागं पिवळा दिवा. कावून आणला म्हणून कोणी विचारलं की आबा म्हणायचे, "कापसाचे भाव कळत्यात." भाव सांगायला लागले की ते तंबाखू मळायचे आणि लढाईच्या बातम्या लागल्या की मळायचे थांबायचे. मायनं हे माझ्याआधी ओळखलं होतं. पण रेडिओ घरात आला त्या दिवशी तिनं पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "ह्यो खातो काय?" आमच्या घरात जे जे काम करायचं त्याला खायला लागायचं, बैलाला, गड्याला, चुलीला. तिचं बरोबर होतं. रेडिओबरोबर मोटारीची एक काळी, दगडासारखी जड बॅटरी आली होती. तीच त्याचा चारा. माळवदावर बांबूपासून लिंबाच्या झाडापर्यंत एक तार ताणली, दुसरी तार न्हाणीच्या पाण्यापाशी जमिनीत पुरली, आणि बॅटरीचे दोन चिमटे लावले की थोड्या वेळानं पेटी घुं घुं करून बोलायला लागायची.

बॅटरी रिकामी झाली की ती भरून आणायला बीडला न्यावी लागे. तिथं कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माझा मामा इंजिनावर होता. इंजिन चालू असलं की तो बॅटरी भरून द्यायचा. किसन गडी गाडीत कडबा अंथरून, त्यावर बॅटरी बाळंतिणीसारखी ठेवून निघायचा, आणि माय त्याच्याजवळ नारळ द्यायची, वाटेत कपिलधारला फोडायला. बॅटरी भरायची असली की नारळ ठरलेला. किसन म्हणायचा, "मालकीनबाई, ह्या डब्यापायी महादेवाला बी रोज काम लागलं."

रोज संध्याकाळी ढाळज भरायची. आबांचा त्यात मोठा थाट. कोणी आलं, बोलणं सुरू झालं, की आबा बटण फिरवून आवाज पार बंद करायचे, बोलणं संपलं की परत वाढवायचे. आणि सारखं बजावायचे, "हळू ठिवा, हळू. मोठ्यानं वाजवलं की बॅटरी लौकर जाती." मग सगळे पेटीला कान लावून बसायचे. आम्हा बायकांना तर भिंतीपलीकडून नुसती गुणगुण. मी एकदा म्हटलं, जरा मोठा करा, तर आबा म्हणाले, "वीज काय आभाळातनं पडती का?" मला हे पटायचं नाही. पटायचं नाही म्हणजे मला त्यातलं काही कळत होतं असं नाही, पण हळू वाजवूनही बॅटरी भराभर रिकामी होते हे मला दिसत होतं.

मामा एकदा मुक्कामाला आला तेव्हा त्यानं बॅटरी तपासायची काचेची नळी आणली होती. वर रबरी फुगा, आत एक तरंगती कांडी, तिच्यावर हिरवा, पिवळा, तांबडा पट्टा. बॅटरीचं बूच काढायचं, फुगा दाबून सोडायचा, आतलं तेजाबी, म्हणजे ॲसिडचं पाणी नळीत चढतं. बॅटरी भरलेली असली तर कांडी वर तरंगते, रिकामी होईल तशी बुडत जाते. मी त्याच्याकडून ती मागून घेतली. तो म्हणाला, "तेजाब हाय ते, कपड्याला भोकं पडतील." मी म्हटलं, पडू दे. परकराला पडलीच.

त्या उन्हाळ्यात मी आबांना एक गोष्ट मागितली. एक आठवडा रेडिओ रोज हळू वाजवायचा, पुढचा आठवडा रोज तेवढाच वेळ मोठ्यानं. आबा हसले, पण मोठ्यानं वाजवायची परवानगी मिळतेय म्हणून बैठकीतल्या लोकांनीच त्यांना गळ घातली. मी रोज सकाळी नळी लावून कांडी बघायची. दोन्ही आठवड्यांत कांडी सारखीच बुडाली. मग एक संध्याकाळ मी आवाज पार बंद करून रेडिओ नुसता चालू ठेवला, जसे आबा गप्पा मारताना ठेवायचे. तेव्हाही तो तेवढंच खात होता. मी ढाळजेच्या दारात उभी राहून सांगितलं, "आबा, ह्यो हळू बोलला काय, मोठ्यानं बोलला काय, मुका बसला काय, सारखंच जेवतो. ह्याचं पोट आवाजावर न्हाई, वेळावर हाय. वाचवायचं असंल तर बटण पार खट् करून बंद करा, आनि ऐकायचं तेवढं मोठ्यानं ऐका." तो पिवळा दिवाही उगाच खातो म्हणून मी काचेमागचा बल्ब काढून ठेवला. स्टेशनचा काटा कुठं आहे ते मला अंधारातही बोटांनी कळायचं.

आबांनी मान हलवली, पण सवय मोडायला त्यांना जड गेलं. बटण बंद केलं की परत लावल्यावर पेटी तापून बोलायला वेळ घेई, तेवढा वेळ लोकांपुढं गप्प बसायचं त्यांना आवडायचं नाही. तरी त्या दिवसापासून रेडिओ माझ्याकडं आला. बटणाला हात लावायचा तर शेवंतेला विचारा, असं आबाच म्हणायला लागले. आणि भिंतीपलीकडं बायकांना स्वच्छ ऐकू यायला लागलं, हा माझा नफा.

आषाढात जिन बंद झालं. कापूस येईपर्यंत, म्हणजे दसऱ्यानंतरपर्यंत, इंजिन चालणार नव्हतं. मामानं शेवटची बॅटरी भरून दिली आणि किसन ती चिखलातून कशीबशी घेऊन आला. मी म्हटलं, आता जपून वापरायची. तशी आम्ही वापरलीही, पण श्रावणात भजनं लागायची, पंचमीला लोक आले, आणि कांडी हळूहळू पिवळ्या पट्ट्यात उतरली.

अशात एक दिवस पाटोद्याकडचा एक माणूस आमचं घर विचारत आला. फौजेतून सुटून घरी चाललेला, डावा हात गळ्यात बांधलेला. मायनं त्याला वाढलं. उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "रंगनाथनं निरोप दिलाय. तिकडं छावणीत साहेब लोक आले होते, यंत्र घेऊन. आमच्यातल्या थोड्या थोड्यांचा आवाज तबकडीत भरून घेतला. रंगनाथचा बी घेतला. रविवारी दुपारी रेडिओवर फौजी लोकांचे निरोप लावत्यात, त्यात लागंल. कोनत्या रविवारी ते कोनालाच ठावं न्हाई. म्हनला, घरी रेडिओ हाय, तेवढं सांग."

वैनीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिचा पोरगा बाळू आता चालायला लागला होता. त्यानं बापाला बघितलं नव्हतं आणि बापानं त्याला. आबा ढाळजेत होते. सगळं ऐकलं असणार, पण त्यांनी पाहुण्याला फक्त वाटेची विचारपूस केली आणि किसनला त्याला पुलापर्यंत पोचवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी नळी लावली आणि हिशेबाला बसले. पुढं किती रविवार लागतील ठाऊक नाही, जिन उघडायला अजून अवकाश, आणि बॅटरी नुसती ठेवली तरी थोडी झिजतेच. रोजची बैठक चालू राहिली तर पोळ्याच्या आत संपणार. फक्त रविवारचा कार्यक्रम लावला तर निभेल. मी आबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "उद्यापासून रेडिओ बंद. रविवारी दुपारी तेवढा लागंल." आबा बराच वेळ पान लावत बसले. मग म्हणाले, "तुला कळतं त्यातलं. तू सांगशील तसं." एवढंच. कशासाठी ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. गावात मात्र कुरकुर झाली. पाटलांचा रेडिओ बिघडला, अशीही आवई उठली.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. आम्ही सगळी ढाळजेच्या दारात बसायचो. कोण कुठली पोरं बोलायची! साताऱ्याकडची, कोकणातली, नागपूरची. कोणी रडायचं, कोणी आधी घोकलेलं भरभर म्हणून टाकायचं, कोणी नुसतं "हॅलो, हॅलो, आई" म्हणत वेळ घालवायचं. वैनी प्रत्येक आवाजाला अंग आवरून बसायची आणि दुसरं नाव निघालं की सैल व्हायची. संपलं की मी खट् करून बंद करायची. कांडी पिवळ्यातून तांबड्याच्या काठावर आली.

भाद्रपदातल्या एका शनिवारी गिरदावरसाहेब मुक्कामाला आले. तहसीलचा हा अंमलदार गावोगाव फिरून पिकं आणि जमिनी बघायचा. त्याच्या शेऱ्यावर गावातल्या बऱ्याच गोष्टी अडायच्या नाहीतर सुटायच्या. आमच्या नव्या विहिरीची परवानगीही त्याच्याच हातात होती. मायनं पुरणाचा घाट घातला. दिवेलागणीला साहेब ढाळजेत लोडाला टेकून बसले आणि म्हणाले, "पाटीलसाब, आपका रेडिओ बहुत मशहूर है. आज हैदराबाद का गाना सुनाइये." चार लोक पुढं सरकले. आबांनी पाहुण्याला आजवर कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी आत बघून हाक दिली, "शेवंते, लाव गं."

मी सकाळीच नळी लावून बघितली होती. उद्याचं निभेल आणि कदाचित आणखी एक रविवार, एवढंच त्यात उरलं होतं. मी बाहेर आले, बॅटरीपाशी खाली बसले आणि तिचा एक चिमटा काढून हातात धरला. म्हटलं, "न्हाई लावनार, आबा."

आबांच्या कपाळाची शीर मला दिसली. साहेबांना वाटलं पोरगी लाजते, ते हसून म्हणाले, "एक गाने से क्या बिगड़ेगा, बेटी?"

मला भीती वाटली नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. माझ्याजवळ हिशेब पक्का होता आणि पक्का हिशेब जवळ असला की माणसाचा आवाज कापत नाही. मी म्हटलं, "साहेब, एका गाण्याचं न्हाई. ह्याला नुसतं तापायलाच वीज लागती. गाणं लागायच्या आधीचं बोलणं, मग गाणं, मग तुमी म्हननार अजून एक. तेवढ्यात उद्याचं संपंल. जिन बंद हाय, वाट बंद हाय, भरून मिळत न्हाई."

"कल का क्या है? किसके लिए बचा रहे हो?" ह्या वेळी ते माझ्याकडं नाही, आबांकडं बघून बोलले.

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. मीही बघितलं. चौकाच्या दाराआड बांगड्या वाजल्या, वैनी तिथं उभी होती. आबांनी तोंडातलं पान बाहेर जाऊन टाकलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, माझा रंगनाथ फौजेत हाय. उद्या रेडिओवर बोलंल, न्हाईतर पुढल्या रविवारी बोलंल. त्याच्यासाठी ठिवलंय. पोरगी म्हनती ते बरोबर हाय. आज रेडिओ लागनार न्हाई."

घर सोडून गेल्यापासून दादाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकलं ते मऊपणानं नाही, बांधाचा दगड रोवावा तसं.

साहेबांचं तोंड जरा उतरलं. "अच्छा," म्हणाले, आणि जेवायला उठले. जेवताना फार बोलले नाहीत. सकाळी चहा न घेताच पुढच्या गावाला गेले. आमच्या विहिरीचा कागद त्या साली सुटला नाही, त्याच्या पुढच्या सालीही नाही. लोक म्हणायचे, पोरीच्या तोंडापायी पाटलाची विहीर बुडाली. आबांनी मला त्याबद्दल एक अक्षर कधी बोलून दाखवलं नाही. उलट कोणी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "विहीर काय, खांदता येती कवाबी."

दुसऱ्या दिवशी दादाचा आवाज लागला नाही. कार्यक्रम संपेपर्यंत सगळे बसले होते, कालच्या बैठकीतलेही. उठून जाताना एक म्हातारा पुटपुटला, "गिरदावर बी गेला आनि आवाज बी गेला." वैनी चुलीपुढं जाऊन बसली. मी नळी लावली. कांडी तांबड्यात खोल गेली होती. पुढचा रविवार पुरा निघेल की नाही, मला सांगता येईना. त्या आठवड्यात मी बॅटरीची टोकं घासून स्वच्छ केली, वरची ओल पुसली, जमिनीतल्या तारेला रोज पाणी घातलं. ह्यातलं किती उपयोगाचं होतं देव जाणे, पण हात रिकामे ठेवणं मला जमलं नाही. मायनं त्या आठवड्यात मला एक काम सांगितलं नाही.

रविवारी भल्या सकाळपासून चौकात माणसं. कोणी बोलावलं नव्हतं. आबांनी सतरंजी घालायला लावली आणि बायकांना पहिल्यांदाच ढाळजेत पुढं बसवलं. एरवी मी कार्यक्रमाच्या थोडं आधीच रेडिओ लावायची. त्या दिवशी आबांचं घड्याळ हातात घेऊन अगदी काट्यावर लावला. पेटी तापेना. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मग घुं घुं झालं आणि आवाज आला, दबलेला, पण स्वच्छ. एक पोरगा बोलला, दुसरा बोलला. तिसऱ्याच्या वेळी आवाज जरा खाली बसला. चौथ्याला सांगणाऱ्यानं दादाचं नाव घेतलं आणि आमच्या गावाचं नाव चुकीचं उच्चारलं. सगळा चौक एकदम "हां!" म्हणाला.

दादाचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. जाडा झाला होता. म्हणाला, "आबांना, मायला माझा दंडवत. मी खुशाल हाय. हितं नुसती वाळू हाय, रान म्हून कुटं न्हाई. खायाला मिळतं, पन भाकर न्हाई. आबा, काळ्या बैलाच्या खुराला लिंबाचा पाला बांधत जावा. शेवंते, पाढे इसरू नको. बाळूला माझं नाव सांगा. आनि..." इथं तो थांबला. पेटीतून नुसती खरखर आली. मला वाटलं, बॅटरी गेली. माझा हात चिमट्यावर गेला. पण ती गेली नव्हती, दादाच थांबला होता. मग म्हणाला, "आनि सगळ्यांना रामराम." आणि संपलं. पुढचा कोणी रत्नागिरीचा बोलायला लागला.

काळा बैल मागल्या सालीच मेला होता. त्याचं नाव ऐकून लोक हसले आणि हसता हसता रडायला लागले. माय पेटीच्या कापडावरून हात फिरवत होती. मी सवयीनं बटणाकडं हात नेला, बंद करायला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चालू दे."

म्हटलं, "आबा, पार रिकामी झाली तर बॅटरी खराब होती. मामानं सांगितलंय."

"होऊ दे," आबा म्हणाले. "इतके दिवस गावाला तंगवलं. आज सगळ्यांनी ऐका. संपंस्तवर ऐका."

मग आम्ही जे लागेल ते ऐकलं. रत्नागिरीचा पोरगा ऐकला, त्याच्यामागचे ऐकले, मग कोणाचं तरी इंग्रजी भाषण ऐकलं ज्यातला एक शब्द कोणाला कळला नाही, मग उर्दू गाणं, मग सतार. माय मध्येच उठून धपाटे करायला लागली आणि बायका तिच्या मदतीला गेल्या; लोक हातावर धपाटा आणि लसणाची चटणी घेऊन उभ्यानं खात होते. ज्यांनी कुरकुर केली होती तेही होते. मी आवाज पुरता वाढवून ठेवला. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं तसा पेटीचा आवाज खाली बसत गेला, आधी घसा बसलेल्या माणसासारखा, मग विहिरीतून बोलल्यासारखा. दिव्याची वेळ झाली तेव्हा कोणतीतरी बाई गात होती, ती गाता गाता बारीक झाली आणि थांबली. कोणी लगेच उठलं नाही. आबा म्हणाले, "शेवंते, उद्या त्याला कार्ड लिही. ऐकलं म्हून. आमी सगळ्यांनी ऐकलं म्हून." ती बॅटरी पुढं खरंच धड राहिली नाही, मामानं डोक्याला हात लावला. दुसरी येईपर्यंत रेडिओ मुकाच होता. कोणाची तक्रार नव्हती.

सकाळी मी जात्यापाशी गेले तर वैनी आधीच बसली होती. ती सासऱ्यासमोर कधी बोलत नसे, माझ्याशीही मोजकंच. मी समोर बसून खुंटा धरला. आम्ही दोघी दळू लागलो. मग तिनं जातं थांबवलं, पिठाचा हात कपाळाला लावला आणि हसली.

"वन्सं," म्हणाली, "सगळ्यांची नावं घेतली त्यांनी. बैलाचं बी घेतलं. माझं चारचौघांत कसं घेत्यात?"

मी जात्यात मूठभर दाणे टाकले.

"पन 'आनि' म्हनून थांबले न्हवं का," ती म्हणाली, "ती जागा माझी हाय." आणि जातं पुन्हा फिरायला लागलं.